आंबट पान, गोड दाणा

८ जानेवारी २०२५, बुधवार
दादाची वस्ती, मंगळवेढ्याजवळ

उजाडायच्या आत जाग आली. वस्तीवर आले की झोप आपोआप लवकर मोडते. परसात न्हाणीच्या सांडपाण्यावर वहिनींनी पानफुटी लावली आहे, मुतखड्यावर उपयोगी म्हणून. औषधाचं मला ठाऊक नाही. मी त्या रोपाकडे दुसऱ्याच कामासाठी गेले. बॅटरीच्या उजेडात एक जाड पान तोडलं, धुतलं आणि कोपरा चावला. आंबटचुक्यासारखं आंबट. दात आंबले. चूळ भरून वहीत वेळ लिहिली: सहा वाजून दहा मिनिटं.

दुपारी साडेबाराला त्याच रोपाचं, त्याच उंचीवरचं दुसरं पान चावलं. काकडीच्या सालीसारखं, पाणचट. आंबटपणाचा मागमूस नाही. दिवेलागणीला तिसरं. ते किंचित कडवट.

हे मी शोधलेलं नाही. बेंजामिन हेन नावाचा जर्मन वनस्पतिज्ञ ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रास इलाख्यात होता. त्याने इथेच, आपल्या देशात, हेच पान दिवसातून तीन वेळा चाखलं. सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी कडसर, असं त्याने १८१३ साली एका पत्रातून कळवलं. ते पत्र १८१५ मध्ये इंग्लंडमधल्या लिनियन सोसायटीने छापलं. हातात उपकरण नव्हतं, फक्त जीभ होती. पान रात्री काहीतरी साठवतं आणि दिवसा ते खर्चून टाकतं, एवढं त्या जिभेला कळलं.

मी एकतीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. दरवर्षी फळ्यावर कार्बन डायऑक्साइड, पाणी, बाणावर सूर्यप्रकाश आणि पलीकडे ग्लुकोज व ऑक्सिजन लिहिलं. शाळेच्या कुंपणाला पानफुटी होती. एकदाही एक पान चावून पाहिलं नाही.

दादाच्या नातीला आज एवढंच बजावलं: चावायचं, थुंकायचं, गिळायचं नाही. आणि गुरांना टाकायचं नाही, जनावरांना ते विषारी आहे.

९ जानेवारी, गुरुवार

रात्री लिहिते आहे. बाहेर चांदणं आहे आणि आत्ता, या घटकेला, परसातल्या पानफुटीची तोंडं उघडी आहेत.

पानाच्या कातडीवर बारीक रंध्रं असतात. हवेतला कर्बवायू आत घ्यायचा तर ती उघडावी लागतात. पण उघडली की आतली ओल बाहेर जाते. कर्बवायू हवेत फार विरळ: दहा हजार कणांत चारच्या थोडा वर. पानाच्या आत मात्र सगळं ओलं. त्यामुळे एक कण आत येईपर्यंत पाण्याचे शेकडो कण निसटतात. पाठ्यपुस्तकातले ढोबळ आकडे असे: गहू, तूर, भात यांच्यासारखी झाडं कर्बवायूचा एक कण मिळवताना पाण्याचे साधारण चारशे कण गमावतात. ज्वारी, बाजरी, ऊस, मका दीडशेच्या आसपास. पानफुटी, निवडुंग, अननस यांचं भागतं पन्नासात.

पानफुटीचं जमतं, कारण ती उन्हात तोंड उघडतच नाही. रात्री हवा गार आणि दमट असते, तेव्हा उघडते. पण रात्री साखर करायला उजेड नाही. मग आलेला कर्बवायू ती आम्लाच्या रूपात पेशींच्या मोठ्या पोकळ्यांत भरून ठेवते. ते मॅलिक आम्ल. शेले नावाच्या स्वीडिश रसायनज्ञाने १७८५ मध्ये ते सफरचंदाच्या रसातून वेगळं केलं होतं. सकाळी माझे दात आंबले ते त्यानेच. दिवस वर आला की दारं बंद होतात, आम्ल मोडतं, त्यातून कर्बवायू सुटतो आणि बंद घरातच उन्हाच्या जोरावर त्याची साखर होते.

आता एक गोष्ट लिहून टाकते, बरेच दिवस मनात आहे. प्रकाशसंश्लेषणाचे दोन टप्पे: पहिल्यात उजेड पकडून पाणी फोडायचं, दुसऱ्यात कर्बवायूची साखर करायची. दुसऱ्या टप्प्याला आमच्या जुन्या पुस्तकांत ‘अंधारातील अभिक्रिया’ म्हणत. मी कितीतरी वर्षं मुलांना सांगितलं की पहिला टप्पा दिवसा होतो आणि दुसरा रात्री. ते चूक होतं. दुसऱ्या टप्प्याला उजेड थेट लागत नाही, इतकाच त्या नावाचा अर्थ. तो चालतो दिवसाच, पहिल्याच्या बरोबरीने. त्याला लागणारी शक्ती पहिला टप्पा क्षणाक्षणाला पुरवतो आणि त्यातली काही विकरं उजेडानेच जागी होतात. रात्र पडली की तोही थांबतो. पानफुटीसुद्धा रात्री फक्त साठवण करते, साखर दिवसाच. हे मला निवृत्तीच्या चार वर्षं आधी कळलं. त्याआधी किती वर्गांतून किती मुलं ती चूक घेऊन बाहेर पडली असतील. त्यांतली काही आता स्वतः शिकवतात.

१३ जानेवारी, सोमवार. भोगी

तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लेकुरवाळी भाजी, लोणी. पहाटे नात मला हरभऱ्याच्या रानात घेऊन गेली. चुलतीने रात्री हरभऱ्यावर धुवट फडकं अंथरलं होतं. पहाटे ते दवाने आणि आंबेने भिजलं होतं, ते पिळून बाटलीत भरलं. पोट दुखलं की द्यायला.

नातीने बोट बुडवून चाटलं आणि लगेच विचारलं, “आजी, म्हणजे हरभरापण रात्री तोंड उघडतो?”

शिकवण्याच्या सगळ्या वर्षांत इतका नेमका प्रश्न मला फार थोड्या वेळा मिळाला. तिचा धागा बरोबर होता. त्या आंबेतही मॅलिक आम्ल असतं, जोडीला ऑक्सॅलिक. पण उत्तर नाही असं आहे. हरभऱ्याच्या पानांवर लव असते, तिच्या टोकांतून ते आम्ल बाहेर पाझरतं. साखर करण्यात त्या पाझराचा हात नाही. हरभरा दिवसाच तोंड उघडतो, गव्हा-तुरीसारखा. तिला म्हटलं, हरभऱ्याचं पान आतून चावून बघ, सकाळी आणि दुपारी. ती म्हणाली, बाहेरची आंब आधी धुवायला लागेल. खरंच, ते मला सुचलं नव्हतं.

१९ जानेवारी, रविवार

हुरडा. सोलापूरहून भाचरं आली. बांधाकडेला आगटी केली, गोवऱ्या पेटवल्या, कणसं निखाऱ्यात खुपसली. दादा कणीस तळहातावर चोळतो आणि फुंकर मारतो, तशी फुंकर मला आयुष्यात जमली नाही. शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. हुरड्याला दादा मुद्दाम गूळभेंडी लावतो, दोन-चार ओळी. बाकी सगळं रान मालदांडी.

हुरडा गोड का, हे आज भाचरांना सांगता आलं. ताट निसवलं, फुलोरा झाला की वरच्या पानांनी केलेली साखर दाण्याकडे वाहू लागते. पानातून निघते ती साखरच, उसात असते तीच. देठातल्या बारीक नळ्यांतून ती कणसात उतरते. दाण्यात पोचली की तिच्या माळा गुंफल्या जातात आणि स्टार्च होतो, म्हणजे पीठ. दाणा चिकात असतो तेव्हा आलेली बरीच साखर अजून सुटी असते. चिकाचा हुरडा होतो त्या आठ-दहा दिवसांत कणीस मोडलं तर ती सुटी साखर जिभेला लागते. पुढे दाणा टणक झाला की साखर पिठात बांधली गेली. पीठ तोंडात गोड लागत नाही. पण भाकरीचा घास बराच वेळ चावला की हळूहळू गोड होतो, कारण लाळ त्या माळा परत तोडते.

म्हणजे हुरड्याचे दिवस हे पानाचं काम आणि दाण्याचं काम यांच्या मधले दिवस. साखर वाटेत असताना आपण तिला गाठतो. सकाळी सात वाजता ती पानात तयार होत असेल आणि चार वाजता आपण ती खात असू. भाचरांतला सर्वात धाकटा हे ऐकून ज्वारीच्या पानालाच चावला.

निखाऱ्याची ऊबही तिथलीच. गोवरी म्हणजे शेण, शेण म्हणजे कडबा, कडबा म्हणजे गेल्या वर्षीचं ऊन. हे मनात आलं, पण बोलले नाही. सगळे खात होते.

२५ जानेवारी, शनिवार

आज स्वयंपाकघरात प्रयोग. वहिनींनी एक जुनं पातेलं दिलं आणि परत मागणार नाही म्हणाल्या.

चार वाजता, पानांनी दिवसभर काम केल्यावर, एक पान तुरीचं आणि एक ज्वारीचं तोडलं. दोन्ही उकळत्या पाण्यात टाकली. मग स्पिरिटच्या भांड्यात घालून ते भांडं गरम पाण्यात ठेवलं. चूल विझवून, कारण स्पिरिट भडकतं. हिरवा रंग स्पिरिटमध्ये उतरला आणि पानं जुन्या कागदासारखी पिवळट पांढरी झाली. त्यांवर आयोडीनचं टिंक्चर टाकलं.

तुरीच्या पानावर निळसर काळे डाग सगळीकडे पसरले. हा प्रयोग मी वर्गात दरवर्षी करायची. त्याचा पाया १८६०च्या सुमारास जर्मनीत युलियस साक्स यांनी घातला. जिथे ऊन पोचलं तिथे स्टार्च.

ज्वारीचं पान असं रंगलं नाही. त्यावर बारीक काळ्या रेघा उमटल्या, शिरांच्या काठाकाठाने, आणि मधल्या पट्ट्या पिवळट राहिल्या. नात भिंग घेऊन बराच वेळ बघत होती. म्हणाली, “हे तर वहीसारखं आखलेलं पान आहे.”

ज्वारीचं पान दोन खोल्यांचं घर आहे. ओसरी आणि माजघर. ओसरीतल्या पेशी बाहेरच्या हवेला लागून असतात. माजघर म्हणजे प्रत्येक शिरेभोवती गजऱ्यासारखं गुंफलेलं पेशींचं कडं. साखर माजघरातच होते, म्हणून स्टार्चही तिथेच सापडतो आणि आयोडीनने पान आखल्यासारखं दिसतं.

हे घर दोन खोल्यांचं का बांधावं लागलं, ते समजून घ्यायला एका विकराचं नाव सांगावं लागेल: रुबिस्को. कर्बवायूला पकडून साखरेच्या वाटेला लावणारं हेच. पृथ्वीवरच्या सर्वात मुबलक प्रथिनांत त्याची गणना होते. आपल्या ताटातला जवळजवळ सगळा कर्ब कधी ना कधी त्याच्या हातून गेलेला असतो. पण ते मंद आहे, एका सेकंदात जेमतेम तीन कण. शिवाय कर्बवायू आणि प्राणवायू यांत त्याची गल्लत होते. प्राणवायूला धरलं की साखर होत नाही, उलट झालेल्या कामातलं काही वाया जातं. अडीच अब्ज वर्षांहूनही आधी ते घडलं तेव्हा हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हताच. पुढे ज्या प्राणवायूने त्याची पंचाईत केली, तो हवेत भरला प्रकाशसंश्लेषणानेच. ऊन वाढेल तशी ही गल्लत वाढते. गहू-तुरीसारख्या झाडांची उबदार हवेत साधारण चौथाई कमाई अशी जाते.

ज्वारीने रुबिस्कोला ओसरीतून हलवून माजघरात बसवलं. ओसरीत दुसरं विकर ठेवलं, ज्याला प्राणवायू ओळखूच येत नाही. ते विरळ कर्बवायूही नेमका उचलतं आणि त्याचं चार कर्बांचं आम्ल करतं. ते आम्ल माजघरात जातं, तिथे मोडतं आणि रुबिस्कोभोवती कर्बवायू दाटून राहतो. गल्लत करायला जागाच उरत नाही. ओसरीतला पहारेकरी इतका तत्पर, म्हणून रंध्रं थोडी उघडी ठेवूनही भागतं आणि पाणी वाचतं. या ने-आणीला जादा शक्ती लागते. गार किंवा सावलीच्या मुलखात हा व्यवहार परवडत नाही. सोलापूरच्या उन्हात परवडतो.

आणि ओसरीतून माजघरात जाणारं ते आम्ल कोणतं? मॅलिक आम्ल. पानफुटीत रात्रभर साठणारं तेच. पानफुटी त्याला रात्रीकडून दिवसाकडे नेते. ज्वारी एका खोलीतून शेजारच्या खोलीत नेते, तेही क्षणभरात. म्हणून ज्वारीचं पान कधी आंबट लागत नाही.

१९६५ मध्ये हवाईत ह्यूगो कोर्टशाक, कॉन्स्टन्स हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या पानाला किरणोत्सारी कर्बवायू दिला. तो आधी कुठे सापडतो ते पाहिलं, तर नेहमीच्या तीन कर्बांच्या पदार्थाऐवजी चार कर्बांची आम्लं मिळाली. पुढच्या वर्षी ब्रिस्बेनमधल्या एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत मार्शल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी ही वाट मांडून दाखवली. माझा जन्म त्यानंतरचा नाही, आधीचा. म्हणजे मी अंगणात भाकरी खात खेळत होते तेव्हा ती भाकरी कशी होते हे जगाला पुरतं ठाऊक नव्हतं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाहून नात धावतच आली. कालचं हिरवं स्पिरिट मी बाटलीत ठेवलं होतं. कोठीची खिडकी लावली, फटीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत बाटली धरली आणि तिला बाजूने बघायला सांगितलं.

हिरवा द्रव लाल दिसला. गडद, डाळिंबाच्या दाण्यासारखा.

पानात हरितद्रव्य एकटं नसतं. शेकडो रेणू दाटीने बसलेले असतात. एकाने पकडलेली उन्हाची शक्ती दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, असं करत ती मध्यावर पोचते आणि तिथे कामाला लागते. आम्ही स्पिरिटमध्ये ती सगळी रांग मोडून टाकली. रेणू ऊन अजूनही पकडतात, पण पुढे द्यायला कोणी नाही. म्हणून ते ऊन लाल उजेड होऊन परत बाहेर येतं.

नात चार वेळा खिडकी उघडून, लावून बघत राहिली. मीही. वर्गात मी हे कधीच दाखवलं नव्हतं, अंधारी खोली मिळायची नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार. रथसप्तमी

तुळशीपुढे रथाची रांगोळी, पूर्वेला तोंड करून गोवऱ्यांवर दुधाचं बोळकं. दूध उतू गेलं. वहिनींनी हात जोडले, मीही जोडले. तिथे पोचलेलं ऊन सव्वाआठ मिनिटांपूर्वी सूर्यावरून निघालेलं होतं.

विहिरीतून नातवाने हायड्रिला काढून आणला. इथे त्याला सगळे शेवाळच म्हणतात. काचेच्या बरणीत विहिरीचं पाणी, चिमूटभर खायचा सोडा, त्यात कापलेली फांदी उलटी. बरणी उन्हात ठेवली आणि कापलेल्या टोकातून बुडबुडे निघाले. एकामागून एक, माळ ओवल्यासारखे. ओसरीच्या सावलीत नेली तर ते विरळ झाले. पाटीखाली झाकली, थांबले. १७७९ च्या उन्हाळ्यात डच वैद्य यान इंगनहाउस याने लंडनजवळ पाचशेहून जास्त प्रयोग करून हेच दाखवलं: पान हवा शुद्ध करतं ते उजेडात, आणि फक्त हिरव्या भागाने.

बुडबुड्यातला प्राणवायू कुठून येतो, यावर पुढे दीडशे वर्षं लोकांची समजूत होती की कर्बवायू फुटून. १९४१ मध्ये रूबेन आणि केमेन यांनी जड प्राणवायूची खूण केलेलं पाणी वापरून तपासलं. तो येतो पाण्यातून. पानात चार मँगनीज आणि एका कॅल्शियम अणूचा एक पुंजका आहे. तो चार वेळा उजेडाचा धक्का खातो आणि पाण्याचे दोन रेणू फोडतो. आपण छातीत भरून घेतो तो श्वास असा, पाणी फुटून, झालेला असतो.

आणि हायड्रिलाचं नाव काढल्यावर जगदीशचंद्र बोस आठवणारच. त्यांनी कोलकात्यात हायड्रिलाचे बुडबुडे आपोआप टिपून ठेवणारं यंत्र बनवलं आणि १९२४ मध्ये प्रकाशसंश्लेषणावर पूर्ण ग्रंथ लिहिला. त्यात एक निरीक्षण आहे. उन्हाळ्यातला हायड्रिला आणि हिवाळ्यातला हायड्रिला सारखे वागत नाहीत. उन्हाळ्यातला कर्बवायू आणि उजेड जास्त चांगला वापरतो आणि त्याचा कर्ब मॅलिक आम्लातून येतो, पण पानफुटीच्या तऱ्हेने नाही. हॅच आणि स्लॅक यांच्या बेचाळीस वर्षं आधी! बोस यांना रोपांच्या संवेदनांसाठी आपण ओळखतो, रेडिओ लहरींसाठी ओळखतो. हे मात्र कुठल्या शालेय पुस्तकात मी वाचलं नाही. मला याचं वाईट वाटतं. नातीच्या वहीत पहिल्या पानावर मी ते साल लिहून दिलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काढणी चालू. मालदांडी उपटून आडवी पडली आहे. बायका कणसं मोडतात, मागे कडब्याच्या पेंढ्या बांधल्या जातात. कडबा उंच आणि गोड, म्हणून तर लोक ही ज्वारी सोडत नाहीत.

जेवताना दादाशी वाद झाला. मी म्हटलं, हे सगळं वजन हवेतून आलं. दादा थांबलाच. “आगं, हे काळं रान काय मग नुसतं उभं राहायला? आयनं दिलं ते हवेनं दिलं म्हणतीस?”

मी त्याला ब्रुसेल्सच्या व्हॅन हेल्मोंटची गोष्ट सांगितली. त्याने कुंडीत दोनशे पौंड सुकी माती तोलून भरली आणि पाच पौंडांचं विलोचं रोप लावलं. पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड झालं १६९ पौंडांचं, माती घटली औंस-दोन औंस. त्याला वाटलं, झाड पाण्याचं झालं. हे १६४८ मध्ये त्याच्या मागे छापून आलं. पाण्याचा वाटा त्यात होताच, पण हवेतल्या कर्बाचा विचार तेव्हा कोणाला सुचणं शक्य नव्हतं.

दादा म्हणाला, गोष्टीचं राहू दे, दाखव.

मग दुपारी पाच किलो वाळक्या तुराट्या काट्यावर तोलल्या आणि रिकाम्या चुलीत जाळल्या. राख गार झाल्यावर तोलली: एकशे सत्तर ग्रॅम. ही रानाची. चुना, पालाश, स्फुरद, मॅग्नेशियम. बाकीचं आलं होतं हवेतून आणि पाण्यातून, ते पुन्हा हवेत गेलं. नत्राचा हिशेब यात येत नाही, तो धुराबरोबर जातो, आणि तुरीचं नत्र तर मुळांच्या गाठी हवेतूनच घेतात.

दादाने राख बोटांत चोळली. “एवढ्याशा राखेसाठी मग खत कशाला घालायचं?” मी म्हटलं, हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यावर मॅग्नेशियमचा एक अणू असतो आणि चार नत्राचे अणू त्याला धरून असतात. ते रान देतं. तेवढं नसेल तर पान पिवळं पडेल आणि हवा कितीही असो, उपयोग नाही.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “पेरल्यापासनं ह्या ज्वारीनं एक पाऊस बघितलाय. पाणी कुठनं प्याली ती?”

तिथे माझ्याजवळ उत्तर त्याचंच होतं. या काळ्या जमिनीने परतीच्या पावसाचं पाणी चार महिने धरून ठेवलं, म्हणून पानाला रोज तोंड उघडायची सोय राहिली. रान मुरमाड असतं तर डिसेंबरातच पानांच्या सुरळ्या झाल्या असत्या, रंध्रं मिटली असती आणि हवा दाराबाहेर उभी राहिली असती. हवेतून घेण्यासाठी लागणारं मोल रानाने भरलं. काळी आई देते, हे म्हणणं मी इतकी वर्षं मनात खोडत आले, ते आजपासून खोडणार नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

शेजारच्या वस्तीवर बोअर पाडून ऊस केला आहे. तिकडे गेलो होतो. ऊस पाणी पितो म्हणून सगळे त्याला नावं ठेवतात. पानाकडून बघितलं तर ऊस ज्वारीच्याच घरचा. तीच ओसरी, तेच माजघर, तोच मॅलिक आम्लाचा व्यवहार. एक किलो वजन करायला तो गव्हापेक्षा कमीच पाणी घेतो. पण आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो, चार उन्हाळी महिने मधोमध, आणि वजन करतो ते अफाट. ज्वारी चार-साडेचार महिन्यांत, थंडीच्या दिवसांत, आपलं काम आटोपते. पानाची काटकसर दोघांचीही सारखी. दोष पानाचा नाही, ज्या रानात आणि जितके दिवस ते उभं केलं त्याचा आहे. दुष्काळी तालुक्यात मला ऊस बघवत नाही. उसाच्या मालकाला हे मी बोलले, त्याने ऐकून घेतलं. कर्ज आहे म्हणाला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ज्वारी कोठीत आली. खोली छतापर्यंत भरली. दुष्काळात धान्याची कोठारं खुली करणाऱ्या दामाजीपंतांच्या गावाजवळची माणसं आम्ही, भरलेल्या कोठीकडे बघायची सवय लहानपणापासूनची. उद्या निघायचं. पानफुटीचं एक पान वहीत घेतलं आहे. त्याच्या कडेच्या खाचांतून दोन पिटुकली रोपं आताच फुटली आहेत.

२ मार्च, रविवार. सोलापूर

सकाळी अकराला नातीचा फोन. घाईत होती.

तिने काल संध्याकाळी पानफुटीची दोन रोपं डब्यांत लावून शेजारी शेजारी ठेवली. आज पहाटे दोन्ही चाखली, दोन्ही आंबट. मग एक डबा उन्हात ठेवला आणि दुसरा कोठीत, ज्वारीच्या पोत्यांमागे, वर पोतं झाकून. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी तर नाहीच.

म्हटलं, मग आता?

“अजून अकराच वाजलेत, आजी. साडेबाराला चावणार.”

एकला पुन्हा फोन वाजला. उन्हातलं पान बेचव झालं होतं. कोठीतलं अजून आंबट होतं, सकाळइतकंच. आजोबांनीपण चावून बघितलं म्हणाली. आता ती कोठीतला डबा बाहेर काढून दर अर्ध्या तासाने एक पान चावणार आहे. किती पानं उरतील, हे तिला विचारलं. ती मोजायला गेली.